टाकी भरलेली, तरीही

"जरा धीर धर गं. येईल कुणीतरी. थंडी वाजतेय का तुला? ये, अशी जवळ ये..."

घाटात धुकं इतकं दाट होतं की माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. तिनं गाडीचा वेग कमी केला. हा लाडिक सूर ऐकून तिला वाटलं, कुणी नवरा-बायको असतील, आपण मध्ये कशाला कडमडायचं? पण मग कठड्याला टेकवलेली एक मोटरसायकल दिसली. शेजारी कठड्यावर बसलेला उंच, ओलाचिंब तरुण दिसला. आणि त्याच्या मांडीवर स्वेटरमध्ये गुंडाळलेली काचेची बरणी दिसली.

तो बरणीशी बोलत होता.

क्षणभर तिला वाटलं, सरळ निघून जावं. पण अडलेली मोटरसायकल मागे टाकून पुढे जाणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिनं गाडी बाजूला घेतली, हेल्मेटची काच वर केली.

"काय झालं?"

"पेट्रोल संपलं," तो उठून उभा राहत म्हणाला. "आणि तुम्ही ऐकलंत ना मगाशी? मी वेडा नाही हो. हे खमीर आहे. पावाचं. जिवंत असतं, गारठलं की झोपून जातं."

"रिझर्व्हला लावून बघितलीत?"

"रिझर्व्हलाच होती." तो जरा ओशाळला. "...परवापासून."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. ती खाली उतरली, मागच्या सीटला बांधलेल्या पिशव्यांपैकी डावीकडची उघडली आणि आतून पत्र्याची लाल बाटली काढली. तो डोळे विस्फारून बघत राहिला. एक बाटली बाहेर आली तरी पिशवीत बरंच काही शिल्लक होतं. गुंडाळलेल्या वायरी, पाने, ट्यूब, चिकटपट्ट्या, ब्रेकची दांडी, क्लचची दांडी, प्लग, फ्यूज...

"तुम्ही सफरीला निघालात की गॅरेज थाटायला?"

"झाकण उघडा टाकीचं," ती म्हणाली. "बोलण्यावर गाडी चालत नाही."

त्यानं मुकाट्यानं झाकण उघडलं. बाटली हातात घेऊन उघडताना त्याच्या लक्षात आलं, ती गळ्यापाशी रिकामी आहे.

"आधी कुणाला दिलंत वाटतं यातलं?"

"मुद्दाम ठेवते तेवढी जागा. पेट्रोल उन्हानं फुगतं. काठोकाठ भरलं की झाकणातून पाझरतं. आणि बाटली डाव्या अंगाला, कारण सायलेन्सर उजवीकडे." ती त्याच्या हँडलकडे वाकली. "अहो, ही क्लचची वायर बघितलीत का कधी? पार पिंजारलीय. दोन-चार तारांवर तग धरून आहे बिचारी."

"तिच्याकडे बघायची हिंमत होत नाही," तो म्हणाला. "वाटतं, नजर लागून तुटायची."

या वेळी मात्र तिचं हसू लपलं नाही. त्यानं ते पाहिलं. बरणी छातीशी धरून तो तसाच उभा राहिला, धुक्यातून एकाएकी ऊन पडल्यासारखा.

ती डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढून देणारी. आईच्या मते तिनं स्वतःच्या संसाराचा नंबरही एव्हाना काढायला हवा होता. पण दरवर्षी रजा मिळाली की ती मोटरसायकल काढायची आणि लांब कुठेतरी निघायची. आजवर मित्रमंडळींच्या टोळक्यात जायची. टोळक्यात तिला सगळे 'दुकान' म्हणत. कुणाची ट्यूब फुटली, दुकानाला हाक मारा. कुणाचं पेट्रोल संपलं, दुकान आहेच. गेल्या सफरीत तिला स्वतःला सणकून ताप भरला. तापाची गोळी कुणाकडेच नव्हती, कारण सगळ्यांनी गृहीत धरलेलं, दुकानात असेलच. होतीही. तिनं ती स्वतःच उठून, स्वतःच शोधून घेतली. त्यावरून सगळे खो-खो हसले, तीही हसली. पण यंदा मात्र ती एकटी निघाली. समुद्राच्या टोकाशी एक दीपस्तंभ होता, तिथं रस्ताच संपतो. तिथवर जायचं, एकटीनं बसायचं आणि परत यायचं, एवढाच तिचा बेत होता.

त्या बेतात बरणीवाला माणूस कुठेच नव्हता.

वायर कधीही तुटेल म्हणून ती घाट उतरेपर्यंत त्याच्या मागे-मागे राहिली. खाली पंपाच्या पत्र्याखाली दोघं थांबले. पाऊस आता भुरभुर न राहता चांगला ताडताड वाजू लागला होता. दोघांच्या गाड्या एकाच बनावटीच्या निघाल्या, फक्त त्याची म्हातारी आणि हिची तरुण. तिनं आपली जादाची वायर काढली आणि त्याच्या गाडीला बसवायला घेतली.

"अहो, ही मला दिलीत तर तुमची तुटल्यावर?"

"माझी तुटणार नाही. मी तिच्याकडे रोज बघते."

तो शेजारी उकिडवा बसला. मागेल ते तिच्या हातात ठेवू लागला. पाना मागितला की पक्कड देत होता, पक्कड मागितली की पाना. बोलता बोलता कळलं, तो भट्टीवाला आहे. शहरातल्या मोठ्या बेकरीत पहाटेपासून पाव भाजतो. डोंगरापलीकडच्या गावात त्याची मावशी बेकरी चालवते. तिच्याकडचं खमीर तिच्या आईच्या वेळेपासून चालत आलेलं. भट्टी दुरुस्तीला काढली, त्या गडबडीत ते मेलं. पण मावशीनं फार पूर्वी त्यातलंच थोडं भाच्याला दिलेलं होतं, ते त्यानं शहरात जपलं होतं. आता तेच परत न्यायचं आणि मावशीचा पुन्हा जम बसेपर्यंत तिच्या भट्टीवर राबायचं, असं चाललं होतं.

"म्हणजे तुमच्याकडेही जादाचं असतं की," ती म्हणाली.

तो चमकला. मग बरणीकडे बघून म्हणाला, "खरंच की! आणि मी तुम्हाला हसत होतो."

तिनं क्लच दाबून पाहिला. मऊसूत. ती उठायला लागली तसा त्यानं हात पुढे केला. तिला हाताची गरज नव्हती, पण तिनं तो धरला. दोघांचेही हात ग्रीसनं काळे. सोडायला जरा उशीरच झाला.

"ही रिकामी बाटली मी ठेवून घेतो," तो म्हणाला. "भरून परत करीन."

"राहू द्या. माझ्याकडे अजून एक आहे."

"असं कसं? उसनं ते उसनं. आणि परत करायची म्हटलं की... नंबर लागणारच ना तुमचा?"

"सरळ नंबर मागायचा होता," ती ग्रीसचे हात पुसत म्हणाली, "माणसांचे नंबर काढणं हाच माझा धंदा आहे."

मावशीच्या गावाचा फाटा आला तेव्हा पाऊस थांबला होता. त्यानं हात हलवला, तिनं हॉर्न दिला. आरशात तो बराच वेळ दिसत राहिला. आरसा नीट करायच्या निमित्तानं तिनं दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती पडली.

पडणं काही मोठं नव्हतं. वळणावर वाहून आलेली वाळू, पुढचं चाक सरकलं, गाडी आडवी. गाडीला ओरखडे पडले आणि ब्रेकची दांडी तुटली. ती उठली, कपडे झटकले, पिशवीतून नवी दांडी काढली. "बघा," ती स्वतःशीच म्हणाली, "म्हणून न्यायचं असतं सोबत." पाना नटाला लावला, जोर दिला... आणि कळ अशी मस्तकात गेली की ती मटकन खाली बसली.

उजवं मनगट बघता बघता सुजलं. एका हातात कोरी करकरीत दांडी, दुसरा हात निकामी. पिशवीत सगळं होतं. गाडीच्या प्रत्येक वस्तूला दुसरी वस्तू होती. मनगटाला मात्र दुसरं मनगट नव्हतं.

रस्ता सुनसान. लांबवर समुद्राची नुसती चाहूल. तिनं डाव्या हातानं फोन काढला. दादाला सांगावं तर तो निम्म्या देशाच्या पलीकडे, शिवाय आईला कळणार. टोळक्याला सांगावं तर ते आधी विश्वासच ठेवणार नाहीत. दुकानाला मदत लागते? आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिलं नाव भलतंच आलं होतं. नुकतीच ओळख झालेल्या माणसाला असं बोलवायचं? तिनं फोन ठेवला. परत उचलला. परत ठेवला. मग एक कावळा गाडीच्या सीटवर येऊन बसला आणि तिच्याकडे अशा काही नजरेनं बघू लागला की तिनं नंबर लावूनच टाकला.

"मी पडलेय," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिनं आयुष्यात फार कमी वेळा उच्चारलं होतं. "तू... येशील?"

पलीकडून त्याचा आवाज आला, नेहमीची थट्टा नसलेला. "कुठं आहेस ते सांग. निघालोच."

तो आला तो बेकरीच्या पाव पोचवायच्या गाडीतून. चालवत मात्र तो नव्हता. स्टिअरिंगवर एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई होती, कपाळाला पीठ लागलेलं, आणि तिनं गाडी अशी आणली की कावळा पुन्हा म्हणून त्या रस्त्याला दिसला नसेल.

"याला चार चाकं चालवता येत नाहीत," ती उतरता उतरताच म्हणाली. "मी मावशी. दाखव हात. हं... मोडला नसावा, मुरगळलाय. पण डॉक्टरला दाखवू. टिल्लू, उभा काय राहिलास, गाडी चढव तिची!"

"टिल्लू?" कळ विसरून तिनं विचारलं.

"लहानपणी एवढासा होतो," तो सहा फुटांचा माणूस लाजून म्हणाला. त्याच्या हातात लाल बाटली होती. पेट्रोलनं भरलेली, गळ्यापाशी मोजून रिकामी सोडलेली.

"हे कशाला? पेट्रोल नव्हतं संपलं माझं."

"ठाऊक आहे. काय न्यायचं असतं ते कळेना, मग हेच घेतलं." मग तो तिच्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "पडल्याशिवाय 'तुम्ही'चं 'तू' होत नाही म्हणायचं."

"वेदनेत बोलून गेले."

"मग बरं झाल्यावर परत 'तुम्ही' म्हणणार?"

मावशीनं हॉर्न वाजवला.

डॉक्टरनं फोटो काढला, पट्टा बांधला आणि मोटरसायकलचं नाव काढायचं नाही असा दम दिला. मावशीनं तिला भट्टीच्या वरच्या खोलीत ठेवून घेतलं. त्या खोलीची फरशी कायम कोमट असायची. पहाटे खालून पावाचा वास जिन्यावरून चढत यायचा आणि तिला उठवायचा. ती खाली जाऊन पिठाच्या पोत्यावर बसायची. तो कणीक तिंबत असायचा, बाह्या कोपराच्या वर, आणि आपटण्याच्या तालावर काहीबाही गुणगुणत.

"एका हातानं जमेल मला?" तिनं एकदा विचारलं.

"ये."

त्यानं तिच्या डाव्या हाताखाली कणकेचा गोळा सरकवला. "दाबायचं नाही. ढकलायचं. हं, आता दुमड... अशी रागावू नकोस तिच्यावर."

"मी रागावत नाहीये."

"तू कणकेला नट समजतेस. ही आवळायची नसते."

त्याचा हात तिच्या हातावर आला, पिठानं रखरखीत, उबदार. दोघांनी मिळून गोळा ढकलला, दुमडला, पुन्हा ढकलला. खरं तर तो गोळा केव्हाच तयार झाला होता. दाराशी मावशी खाकरली आणि म्हणाली, "एवढा तिंबलात तर पाव नाही, चेंडू होईल त्याचा."

दुपारी पाव संपले की ती त्याला गाडी शिकवी. चालवायला नव्हे, ओळखायला. ती पोत्यावर बसून सांगे, तो खाली बसून करी. साखळी ढिली कशी बघायची, प्लग कसा पुसायचा, जादाच्या ट्यूबला पावडर लावून फडक्यात का गुंडाळायची. "ट्यूबलाही पावडर! आता काजळ-तीट पण लाव म्हणजे झालं," तो म्हणायचा, पण लावायचा. रात्री फोनवर आई विचारायची, "हात कसा आहे?" आणि ती सांगायची, "बरा आहे, पण अजून थोडे दिवस थांबावं म्हणते." मग आई म्हणायची, "डॉक्टर चांगला दिसतोय तिथला."

पण हात बरा व्हायचा तो झालाच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात तिनं पिशव्या भरल्या. तो मदतीला उभा होता. आता पाना मागितला की पानाच देत होता.

"मी काय म्हणतो..." तो म्हणाला.

"काय?"

"नाही, म्हणजे..." तो पिशवीकडे बघत होता. ट्यूबवर ट्यूब, वायरवर वायर, नवी घेतलेली दांडी. "तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला दुसरी असते. एक गेली तर तू तिच्याविना अडत नाहीस. अशा माणसाला... कुणी कशाला लागेल?"

तिला त्यावर खूप बोलायचं होतं. पण जन्मभर दुसऱ्यांना 'घे' म्हणणाऱ्या तिला 'दे' कसं म्हणायचं ते माहीतच नव्हतं. तिनं पिशवीचा पट्टा ओढला. आणखी ओढला.

"उद्या उन्हाच्या आत निघायला हवं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "रस्ता लांबचा आहे."

सकाळी त्यानं एका फडक्यात गरम पाव बांधून दिला. मावशीनं गालावर हात फिरवला आणि पीठ तिथंच ठेवलं. या वेळी तिनं आरशात बघितलं नाही. बघितलं असतं तर निघताच आलं नसतं.

दीपस्तंभ तिच्या कल्पनेपेक्षा सुंदर होता. पांढराशुभ्र, पायाशी काळे खडक, आणि रस्ता खरोखरच समुद्रात पाय बुडवून संपलेला. ती एका खडकावर बसली. यासाठीच तर ती निघाली होती. एकटी, शांत, कुणी 'दुकान' म्हणायला नाही, कुणी काही मागायला नाही. तिनं पाव तोडला. एक लाट खडकावर आपटून उंच उडाली, उन्हात तिचे तुकडे चमकले, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बघितलंस?"

शेजारी कुणी नव्हतं.

टोळक्यापासून ती पळाली होती, कारण तिथं सगळ्यांना तिचं सामान हवं होतं. भट्टीजवळ मात्र तिच्या पिशव्या जिन्याखाली पडून होत्या आणि त्या दिवसांत कुणी त्यांना हात लावला नव्हता. तिथं तिला फक्त 'ये' म्हणत होते. आणि ती? तिनं त्याला एवढंही सांगितलं नव्हतं की मला यायला आवडतं.

परतीचा सरळ रस्ता किनाऱ्यानं जाणारा. गुळगुळीत, रुंद, जागोजागी पंप. डोंगराकडे जाणारा फाटा उलट्या दिशेला होता. फाट्यावर ती थांबली, टाकीचं झाकण उघडून आत डोकावली. शिगोशीग भरलेली. हात वळवून पाहिला. ठणठणीत. साखळी, वायरी, चाकं, सगळं जिथल्या तिथं. थांबायला, कुणाच्या दारात जायला एकही निमित्त उरलेलं नव्हतं. तिनं झाकण लावलं आणि गाडी डोंगराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीसमोर नेहमीसारखी रांग होती. ती हेल्मेट काखेत धरून रांगेत उभी राहिली. गल्ल्यावरच्या मावशीचं लक्ष तराजूकडे.

"काय देऊ?" मावशीनं मान वर न करताच विचारलं.

"आत भट्टीपाशी एक उंच माणूस आहे ना," ती म्हणाली, "तो."

मावशीनं मान वर केली. रांगेतल्यांनी माना पुढे केल्या. आतलं आपटणं थांबलं. तो दारात आला, कोपरापर्यंत कणीक, पापण्यांवर पीठ.

"काय झालं?" त्यानं घाबरून विचारलं. "पडलीस? गाडी बंद पडली?"

"नाही."

"मग वाटेत लागलं म्हणून...?"

"हे गाव कुठल्याच वाटेत लागत नाही," ती म्हणाली. "वाट वाकडी करून आलेय." ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा पट्टेच ओढत बसली असती. "तू विचारलंस ना, अशा माणसाला कुणी कशाला लागेल म्हणून? तर ऐक. माझी टाकी भरलेली आहे. हात बरा आहे. गाडीत सगळं आहे, सगळ्याला दुसरं आहे. माझं कुठंही काही अडलेलं नाही. तरीही तू लागतोस मला."

रांगेत कुणीतरी हळूच "अगंबाई" म्हणालं.

तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला. कणकेचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. त्यानं ते हवेत धरले, पाठीमागे नेले, परत पुढे आणले.

"माझे हात..." तो म्हणाला.

"असू देत."

मग त्यानं विचार सोडून दिला. तिच्या काळ्या जॅकेटच्या पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले, आणि हेल्मेट गडगडत रांगेतल्या एका आजोबांच्या पायाशी गेलं. ते त्यांनी उचललं आणि शहाण्यासारखं दुसरीकडे बघत धरून ठेवलं.

"थांबशील?" त्यानं तिच्या केसांत विचारलं.

"रजा संपलीय. जावं लागेल," ती म्हणाली. "पण तू चल माझ्याबरोबर, आईला भेटायला. मग आपण दोघं मिळून ठरवू कुणी कुठं राहायचं ते."

"माझी म्हातारी गाडी एवढ्या लांब येईल?"

"मी आहे ना मागे."

"टिल्लू!" मावशीनं आरोळी ठोकली. "भट्टी!"

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्या दिवशी अख्ख्या गावानं बुडाशी काळे झालेले पाव खाल्ले. तक्रार कुणीच केली नाही. उलट, ज्यांना उशिरा आल्यामुळे ते मिळाले नाहीत, ते मावशीशी भांडून गेले.